गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मेंदूचं काय?

एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या, हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या पोराला आमच्या नागपुरात जो भेटेल तो एकच विचारतो, "कधीपासून खेळतो बे?" माझा भाचा रेडर आहे, कबड्डीच्या मॅटवर पाय फिरला नं लिगामेंट गेलं, तेव्हापासून मी हा विषय वाचून राहिलो आणि खरं सांगू का, यात गुडघ्यापेक्षा डोक्याचाच भाग जास्त निघाला.

पहिली गोष्ट मांडीची. गुडघा दुखावला, सुजला की तिथून असे सिग्नल जातात की मज्जारज्जू आणि मेंदू मिळून मांडीच्या पुढच्या मसलची ताकदच दाबून ठेवतात, म्हणजे मसल असतो पण त्याला पूर्ण ऑर्डर जात नाही, आणि मग घरचे म्हणतात पोरगं आळशी झालं. फिजिओ मांडीला करंटचं मशीन लावतात ते याचसाठी.

दुसरी गोष्ट मला जास्त भारी वाटली. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, त्यात नसांची टोकं असतात, गुडघा कुठं आहे कसा वळला हे मेंदूला तिथूनही कळतं. ती खबर तुटली की मेंदू डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवतो, स्कॅनरमधे झोपवून गुडघा हलवायला लावला तर अशा काही खेळाडूंच्या मेंदूत बघण्याशी संबंधित भाग जास्त पेटलेला दिसला. आता रेडरचं बघा नं, त्याचे डोळे समोरच्या सात जणांवर पाहिजेत, ते गुडघ्यावर अडकले तर कॉर्नरवाला पाय धरणारच! म्हणून आता एका पायावर उभं करून बॉल फेकतात, १०० मधून ७-७ वजा करायला लावतात. भाचा वैतागतो, "मामा, हे गणित कायले?" बाप्पा, मॅटवर तरी दुसरं काय असते, डोकं दुसरीकडे गुंतलेलं नं गुडघा आपोआप सांभाळायचा.

प्लॅस्टरमधे मनगट अडकवलेल्या लोकांवर २०१४ मधे अमेरिकेत एक प्रयोग झाला, ४ आठवडे ज्यांनी मनातल्या मनात जोर लावला त्यांची ताकद बाकीच्यांपेक्षा साधारण अर्धीच घटली. हात हललाच नाही तरी! मनगटाचं गुडघ्याला जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही, पण पडल्या पडल्या रेड मनात खेळायला पैसे तर लागत नाहीत.

घाईचं म्हणाल तर नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात ऑपरेशननंतर ९ महिन्यांपर्यंत खेळायला जितके महिने थांबले तितकं गुडघ्याला परत इजा व्हायचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्मं होत गेलं. तरी सहाव्या महिन्यात टूर्नामेंटचा फोन येतोच.

आणि "दोन्ही पाय सारखे झाले, उतर आता" हेही पूर्ण खरं नाही, कारण चांगल्या पायाची ताकदही या काळात कमी होते, दोन्ही कमजोर असले तरी सारखेच दिसतील नं. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी चांगल्या पायाची ताकद आधीच मोजून लिहून ठेवायला फिजिओला सांगा, नंतर त्याच आकड्याशी ताडून बघता येते.