खोडलेलं रीडिंग

परवा एसवायच्या प्रॅक्टिकलला एक मुलगी जर्नल घेऊन आली. "मॅडम, माझा रेझोनन्स चुकतोय. १५९२ हर्ट्झ यायला हवा, १४९० येतोय. तीनदा घेतलं." रेझोनन्स म्हणजे ज्या वारंवारतेला सर्किट सगळ्यात जोरात प्रतिसाद देतं ती. अगदी रडवेली झाली होती.

सर्किट नेहमीचंच. १०० मिलिहेन्रीची कॉइल, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, कॉइलचा धरून एकूण रेझिस्टन्स ५०० ओहम. मीटरच्या पिना पाहिल्या तर कपॅसिटरवर. मी विद्यार्थिनी असताना माझंही असंच झालं होतं. "चुकलंय, खोडून परत काढ," असं ऐकलं आणि मी खोडलं. अजून सलतं, कारण ते रीडिंग बरोबर होतं.

तिला झोपाळ्यावरून सांगितलं. कपॅसिटरवरचं व्होल्टेज म्हणजे झोपाळा मधल्या जागेपासून किती लांब गेला. करंट म्हणजे त्याचा वेग, रेझिस्टन्स म्हणजे घर्षण. झोपाळा सगळ्यात लांब कधी जातो आणि ढकलणाऱ्याकडून सगळ्यात जास्त शक्ती कधी घेतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. झोपाळा मागे येत असताना पुढे ढकललं, तर तोच आपल्याला रेटतो, घेतलेली ऊर्जा परत करतो. बल आणि वेग पूर्ण फेरीभर एकाच दिशेनं चालतात ते फक्त नैसर्गिक वारंवारतेला, म्हणजे इथं १५९२ ला, मग घर्षण कितीही असो. लांब जाण्याचं शिखर मात्र घर्षणाबरोबर खाली सरकतं: ५०० ओहमला शंभरेक हर्ट्झ, १०० ओहमला जेमतेम चार. म्हणून रेझिस्टन्स कमी ठेवला की हा फरक कुणाच्या नजरेतच येत नाही.

पिना रेझिस्टन्स बॉक्सवर लावल्या, तिथलं व्होल्टेज करंटबरोबर चालतं; शिखर १५९० च्या आसपास आलं. मग तिनंच विचारलं, "१०० ओहमनं करून बघू?"

एक व्होल्टला ५०० ओहमचं सर्किट जास्तीत जास्त २ मिलिवॉट घेतं, १०० ओहमचं १०. पण वारंवारतेनुसार शक्तीचा वक्र काढला, तर अर्ध्या शक्तीपाशी पहिल्या वक्राची रुंदी साधारण ७९६ हर्ट्झ, दुसऱ्याची १५९. तिनं कॅल्क्युलेटरवर उंची गुणिले रुंदी केली आणि ओरडलीच, "मॅडम, सेम!" वक्राखालचं क्षेत्रफळही सारखंच राहतं. घर्षण वाढवलं की शिखर बसकं होतं आणि तेवढंच पसरतं. इतकी वर्षं शिकवतेय, तरी हे कुणाच्या हाताखाली येताना पाहिलं की अंगावर काटा येतो.

दोन्ही वक्र तिनं एकाच ग्राफ पेपरवर काढले. सही करताना १४९० खोडू दिलं नाही. शेजारी "कपॅसिटरवर" एवढंच लिहायला सांगितलं.