मधली चोवीस वर्षं

अमेरिकन कादंबरीकार मेरिलिन रॉबिन्सन यांचं नाव मी कुणापुढे काढलं, की एक प्रश्न हमखास येतो. पहिली कादंबरी ‘हाउसकीपिंग’ १९८० ची, दुसरी ‘गिलियड’ २००४ ची. मग मधली चोवीस वर्षं बाई करत काय होत्या? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ‘सुचत नसणार’ हे उत्तर तयार असतं. कधी कधी त्यात थोडा आनंदही दिसतो, कारण त्याच्याही कपाटात एक अर्धी कादंबरी पडलेली असते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच सांगते.

आधी पहिल्या पुस्तकाबद्दल. रॉबिन्सन मूळच्या आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंटच्या, जन्म १९४३ चा. डोंगर, अफाट सरोवर आणि त्यावरून जाणारा रेल्वेचा लांबच लांब पूल असं ते गाव. ‘हाउसकीपिंग’मधलं फिंगरबोन हे काल्पनिक गावही तसंच. एका रात्री अख्खी आगगाडी पुलावरून घसरून सरोवरात बुडाली, आणि तिच्यात गोष्ट सांगणाऱ्या रूथचे आजोबा होते. पुढे रूथची आई आपल्या दोन मुलींना आजीच्या ओसरीवर बसवून जाते, आणि उसनी आणलेली मोटार त्याच पाण्यात घालते. मुलींना सांभाळायला शेवटी येते ती सिल्वीमावशी. ती आयुष्यभर भटकलेली. दिवे न लावता जेवते, रिकामे डबे धुऊन दिवाणखान्यात रचून ठेवते. घर नीट ठेवायचं म्हणजे काय, यावर त्या घरात आणि गावात जे घडतं ती ही कादंबरी.

तिचा जन्मही गमतीदार आहे. शेक्सपिअरवर पीएच.डी.चा प्रबंध लिहीत असताना रॉबिन्सन विरंगुळा म्हणून लांबलचक रूपकं लिहून ठेवत. प्रबंध संपल्यावर ते कागद एकत्र वाचले, तेव्हा ते एकाच गोष्टीचे तुकडे आहेत असं त्यांच्या लक्षात आलं. पुस्तकाला पहिल्या पुस्तकासाठीचा पेन/हेमिंग्वे पुरस्कार मिळाला, पुलित्झरच्या अंतिम यादीत नाव गेलं, १९८७ मध्ये सिनेमाही निघाला. प्रकाशकाला दुसरी कादंबरी पुढच्याच वर्षी हवी असते असा हा क्षण.

आणि या बाई शिरल्या अणुकचऱ्यात.

ऐंशीच्या दशकात त्या काही काळ इंग्लंडमध्ये शिकवत होत्या. तिथल्या वर्तमानपत्रांत त्यांनी सेलाफील्डबद्दल वाचलं. कंब्रियाच्या किनाऱ्यावरचं हे केंद्र वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया करायचं आणि किरणोत्सारी सांडपाणी पाइपातून आयरिश समुद्रात सोडायचं. बातम्या छापून येत होत्या, लोक चहा पिता पिता वाचत होते आणि पान उलटत होते. हे त्यांना सहन झालं नाही. १९८९ मध्ये त्यांचं ‘मदर कंट्री’ आलं. त्यात त्यांनी सरकारला तर धारेवर धरलंच, पण ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेलाही सोडलं नाही. ग्रीनपीसच्या ब्रिटिश शाखेनं बदनामीचा दावा लावला. मजकूर गाळायला बाईंनी नकार दिला आणि पुस्तक ब्रिटनमध्ये मिळेनासं झालं. आकडे आणि युक्तिवाद यांवर टीका करायला त्या पुस्तकात जागा आहे, मलाही ते काही ठिकाणी एकारलेलं वाटतं. पण त्यातून त्यांनी स्वतःसाठी एक निष्कर्ष काढला आणि तो पुढे फार कामाला आला: सुशिक्षित माणसाला आपल्याला काय माहीत नाही याचा पत्ताच नसतो, आणि आपणही त्यातलेच.

म्हणून त्यांनी नव्यानं अभ्यास सुरू केला. १९९१ पासून त्या आयोवा रायटर्स वर्कशॉपमध्ये, म्हणजे आयोवा विद्यापीठाच्या लेखनाच्या अभ्यासक्रमात, शिकवू लागल्या, २०१६ पर्यंत तिथेच होत्या. आयोवा म्हणजे मक्याची शेतं आणि कंटाळा, हा अमेरिकेतला सर्वसाधारण समज. रॉबिन्सननी तिथल्या छोट्या गावांचा आणि कॉलेजांचा इतिहास काढला. गुलामगिरीच्या विरोधात पेटलेले न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले, धर्मोपदेशक एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला प्रेअरीत, म्हणजे गवताळ मैदानात, येऊन वसले आणि त्यांनी गावं, चर्च, कॉलेजं उभारली. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजनं १८३५ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडलं आणि दोन वर्षांनी पदवीच्या वर्गात मुलींना. आयोवाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात टेबर नावाचं खेडं आहे. तिथल्या जॉन टॉड या पाद्र्याच्या तळघरात, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनच्या रायफली ठेवलेल्या होत्या. आज तिथे कॉलेज उरलेलं नाही, आणि ते शौर्यही गावाबाहेर फारसं कुणाला आठवत नाही. एवढं सगळं शंभर वर्षांत विसरलं कसं गेलं, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. १९९८ च्या ‘द डेथ ऑफ ॲडम’ या निबंधसंग्रहात तो पानोपानी आहे.

इथे माझं थोडं वैयक्तिक. मी नगरची. अमेरिकन मराठी मिशनचं नाव ऐकतच वाढले. हे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. १८४२ मध्ये त्यांनी ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढलं. रेव्हरंड टिळकांनी पुढे ज्याचं संपादन केलं तेच हे. त्यांना पाठवणारं मंडळ न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल चर्चवाल्यांनी उभारलेलं. म्हणजे एकाच मुलखातून, एकाच पंथातून काही माणसं पूर्वेला आमच्या नगरला आली आणि काही पश्चिमेला आयोवाच्या गवतात गेली. ‘गिलियड’मधला रॉबिन्सन यांचा म्हातारा पाद्री जॉन एम्स त्याच पंथाचा आहे. त्यामुळे त्याचं आयोवातलं काल्पनिक गाव गिलियड मला पहिल्या पानापासून परकं वाटलं नाही. बाकीच्यांना वाटलं तर त्यात गैर नाही.

एम्सचा आवाज रॉबिन्सनना सापडला तो मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनच्या एका हॉटेलात. नाताळचे दिवस, हॉटेल जवळजवळ रिकामं, मुलं यायला उशीर. त्या लिहायला बसल्या तो समोर एक म्हातारा बोलू लागला. चोवीस वर्षं वाट बघायला लावणारी कादंबरी त्यानंतर भराभर झाली. काळ १९५६ चा. शहात्तर वर्षांच्या एम्सचं हृदय थकलंय. उतारवयात झालेला मुलगा जेमतेम सात वर्षांचा. तो मोठा झाल्यावर वाचेल म्हणून बाप पत्र लिहितोय. २००५ मध्ये त्या पत्राला पुलित्झर मिळालं.

लोक या पुस्तकाला ‘शांत’ म्हणतात तेव्हा मला जरा राग येतो. एम्सचे आजोबा एकाक्ष होते, पिस्तूल लावून प्रवचन करायचे आणि घरातलं हाताला लागेल ते गरिबांना वाटून टाकायचे. पळून आलेल्या गुलामांसाठी एका गावानं रस्त्याखालून एवढं मोठं भुयार खणलं की वाटसरूचा घोडा रस्त्यातच खचून आत गेला, असाही एक किस्सा आहे. तो वाचताना हसू आवरत नाही. ही सगळी त्या चोवीस वर्षांतल्या वाचनाची कमाई.

पण खरी मेख पुढे आहे. एम्स सहज सांगून जातो की गावात पूर्वी काळ्या लोकांचं एक चर्च होतं. कुणीतरी तिथे आग लावली, फार मोठी नव्हती, मग ती मंडळी शिकागोला निघून गेली. जाताना त्यांच्या पाद्र्यानं चर्चपुढची लिलीची रोपं उपटून एम्सकडे आणून दिली, ती अजून आहेत. बस, एवढंच. ज्या मुलखानं गुलामांसाठी भुयारं खणली त्याच मुलखातल्या या गावातून शेवटचं काळं कुटुंब गेलं, आणि हा सज्जन, देवभीरू, अतिशय प्रेमळ माणूस ते फुलझाडांच्या गोष्टीसारखं सांगतो. एम्सला कुठेही दोषी ठरवलेलं नाही. पहिल्या वाचनात तर आपणही त्याच्यासारखेच पुढे जातो. सेलाफील्डच्या बातमीवरून पान उलटणारे वाचक आणि एम्स यांना मी एकाच रांगेत बसवते.

२००८ च्या ‘होम’मध्ये तेच दिवस शेजारच्या घरातून दिसतात. एम्सच्या मित्राचा वाया गेलेला मुलगा जॅक वीस वर्षांनी परतलाय. सेंट लुईसमध्ये डेला नावाची काळी शिक्षिका त्याची बायको आहे, पण मिझुरीच्या कायद्याला गोऱ्या-काळ्यांचं लग्न मान्य नाही. आयोवातून तसा बंदीचा कायदा १८५१ मध्येच गेलेला. म्हणजे जॅक बघायला आलाय की हे गाव आपल्या बायकोमुलाला राहू देईल का. ओसरीवरची एक लांब चर्चा दोन्ही पुस्तकांत आहे, आणि दुसऱ्यांदा वाचताना एम्स आपल्याला तितका थोर वाटत नाही.

‘लिला’ (२०१४) ही एम्सच्या तरुण बायकोची गोष्ट, या गावाशी जोडलेल्या चार कादंबऱ्यांतली सर्वांत ओबडधोबड आणि माझी लाडकी. ‘जॅक’ (२०२०) मात्र मला जमली नाही. सेंट लुईसच्या दफनभूमीत रात्रभर चाललेलं दोघांचं संभाषण सुंदर आहे, पण डेला इतक्या धोक्यात त्या माणसासाठी का पडते हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. ओबामांना हे पटलं असेल कदाचित. ‘गिलियड’चे ते मोठे चाहते आहेत आणि २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी आयोवाची राजधानी डे मॉइनला स्वतःच बाईंची मुलाखत घेतली होती.

नवख्यानं ‘गिलियड’पासून सुरुवात करावी. पहिली पन्नास पानं संथ जातात, तेवढी धीरानं काढा. ते संपलं की मध्ये दुसरं काही न घेता लगेच ‘होम’ घ्या. ‘मदर कंट्री’ जुन्या पुस्तकांत मिळालं तर बघा, आणि मिळालं तर वाचून झाल्यावर मला द्या, कारण माझी प्रत कुणीतरी नेली ती आलीच नाही.