कोपऱ्यातलं नाव कुणाचं? डॉसनच्या काचांबरोबरचे सहा महिने

मंडळी, या महिन्यात शाईचा प्रयोग, म्हणजे जुन्या फोटोवाल्यांसारखं काचेच्या निगेटिव्हवर नाव लिहून पाहण्याचा, अखेर पार पडला. गेले सहा महिने जे नुसतं डोक्यात घोळत होतं, ते एका दुपारी हाताला कळलं. त्याबद्दल सविस्तर लिहायचंच आहे, पण आधी काम कुठवर आलंय ते सांगते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: कॅनडाच्या युकॉन प्रदेशातलं, सोन्यासाठी वसलेलं डॉसन शहर, आणि त्याचे १८९८ ते १९०० या काळातले फोटो, हा माझा विषय. तिथला फोटोवाला एरिक हेग याचे पुष्कळ फोटो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांचे स्कॅन कुणालाही बघता येतात. स्कॅनवरून मी पारदर्शक शीटवर ८ बाय १० इंचाची निगेटिव्ह छापते आणि तिच्यावरून गच्चीतल्या उन्हात सॉल्ट प्रिंट (मीठ आणि चांदीचं द्रावण लावलेल्या कागदावरचा प्रिंट) काढते. पडद्यावर फोटो दहा सेकंदांत बघून होतो. प्रिंट काढायचा तर तोच फोटो अर्धा तास समोर असतो, आणि मग तो बोलायला लागतो. आजवर ४१ फोटोंचे प्रिंट झाले. त्यातले ९ मनासारखे.

पाण्याचा प्रश्न सुटला, हे आधी सांगून टाकते. पहिल्या दीड महिन्याच्या सगळ्या प्रिंटवर तपकिरी ठिपके येत होते. मी कागदाला दोष देत होते, पण दोष आमच्या बोअरच्या पाण्याचा निघाला. आता सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आणि पहिली धुलाई दोन्ही डिस्टिल्ड पाण्यात करते, ठिपके गेले. तेव्हापासून डॉसनच्या फोटोवाल्यांच्या पाण्याचा विचार डोक्यातून जात नाही. युकॉन नदीला डॉसनच्या वरच्या अंगाला व्हाइट नावाची नदी मिळते, ती हिमनद्यांचा गाळ घेऊन येते. डॉसनपाशी पाणी गढूळच. आणि त्यांच्या निगेटिव्ह काचेवरच्या; काच धुवायची तर पाणी भरपूर लागतं. तरीही हेगच्या काचांमधले कुत्र्यांच्या अंगावरचे केस मोजता येतील इतके स्वच्छ आहेत.

वजनाचा हिशोबही केला. काचवाल्याकडून २ मिलिमीटर जाडीची ८ बाय १० ची काच कापून आणली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. पाव किलोच्या आसपास. म्हणजे डझनभर काचांचे तीन किलो, शंभर काचांचे पंचवीस. त्यावर लाकडी कॅमेरा, तिकाटणं, रसायनं, तसराळी. डॉसनच्या वाटेवरच्या चिलकूटच्या घाटात बर्फात खोदलेल्या सुमारे दीड हजार पायऱ्या होत्या, त्यांना ‘सोनेरी जिना’ म्हणत. वर्षभर पुरेल एवढा शिधा आणि सामान, साधारण एक टन, बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस हद्दीत घेत नसत. म्हणून माणसं तोच चढ वीस-तीस वेळा चढली. हेगचा जो फोटो जगभर गेला तो या चढाचा: पांढऱ्या उतारावर मुंग्यांसारखी काळी रांग. मी त्याचा प्रिंट काढला तेव्हा रांगेतली माणसं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. प्रत्येक ठिपक्याच्या पाठीवर ओझं आहे, हे एकदा दिसलं की मोजणं जमत नाही. हेग स्वतः सामान घसरगाडीवर घालून न्यायचा आणि ती गाडी ओढायला त्याने बोकड जुंपले होते. तो फोटोही आहे.

हेगची ओळख दोन ओळींत: जन्म १८६७ चा, स्वीडनमधला. लहानपणी अमेरिकेत आला, वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमच्या किनाऱ्यावर त्याचा स्टुडिओ होता. १६ ऑगस्ट १८९६ रोजी क्लोंडाइकच्या एका ओढ्यात सोनं सापडलं. ती बातमी बाहेर पोहोचली जुलै १८९७ मध्ये, सोनं घेऊन दोन आगबोटी सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलला लागल्या तेव्हा. त्यानंतर अंदाजे एक लाख माणसं निघाली आणि तीस-चाळीस हजार पोहोचली असं म्हणतात. निघालेल्यांत हेगही होता. घाटापलीकडच्या बेनेट सरोवराकाठी लोकांनी हिवाळाभर होड्या बांधल्या, मे १८९८ च्या अखेरीस बर्फ फुटलं आणि सात हजारांवर होड्या एका लोंढ्यात खाली निघाल्या. त्याच उन्हाळ्यात हेग डॉसनला आला.

आता आमच्या छंदाचा खरा भाग. फोटो कुठून, कोणत्या दिशेला आणि कधी काढला, हे ठरवणं.

दिशेसाठी डॉसनइतकं सोयीचं गाव नाही. गाव युकॉनच्या पूर्व काठावर, फ्रंट स्ट्रीट नदीला लागून, दुकानांची तोंडं पश्चिमेला. उत्तरेकडच्या डोंगरावर एक प्रचंड जुनी दरड कोसळलेली आहे, मूसहाइडची दरड. डोंगराच्या अंगावर फिकट व्रण असावा तशी ती दिसते. ती समोर असेल तर कॅमेरा उत्तरेला बघतोय, मग नदी डावीकडे आणि दुकानं उजवीकडे असलीच पाहिजेत. फेब्रुवारीत एक स्कॅन हाती लागला, त्यात दरड समोर आणि नदी उजवीकडे! पाट्या इतक्या लांब होत्या की अक्षरं लागत नव्हती. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग लक्षात आलं की काच पालथी ठेवून स्कॅन केली आहे. उलटवून छापल्यावर गाव जागेवर बसलं.

दुकानांवर ऊन थेट पडलं असेल तर वेळ दुपारनंतरची, हेही त्याच दिशेमुळे कळतं. आणि डॉसन ६४ अक्षांशावर असल्यामुळे जूनमध्ये रात्री नऊलासुद्धा वायव्येकडून ऊन येतं, लांबलचक सावल्या टाकत. उलट डिसेंबरात दिवस जेमतेम चार तासांचा. उन्हावर छापायचे कागद तिथे हिवाळ्यात किती वेळ फ्रेममध्ये पडून राहत असतील? मला नाशिकच्या गच्चीत सात मिनिटं लागतात.

सालासाठी सगळ्यात मोठी खूण आगीची. २६ एप्रिल १८९९ च्या आगीत ११७ इमारती गेल्या. त्याआधीचा आणि नंतरचा फ्रंट स्ट्रीट ही दोन वेगळी गावं आहेत. आधीच्यात तंबू, ओंडक्यांच्या खोल्या, चिखलावर टाकलेल्या फळ्या. नंतरच्यात रंधा मारलेल्या फळ्यांची उंच दर्शनी भिंत असलेली दुकानं. माझ्या ४१ पैकी २६ फोटो आगीच्या अलीकडे की पलीकडे हे आता मी खात्रीने सांगू शकते. तारांच्या खांबांवरून मात्र साल ठरवू नका. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या स्कॅगवेच्या बाजूने तारायंत्राची लाइन डॉसनला सप्टेंबर १८९९ मध्ये आली हे खरं, पण खांब दिसला म्हणजे ती तारायंत्राचीच तार असं नसतं. या चुकीपायी मी चार फोटो वर्षभर पुढे ढकलले होते.

अडलं ते नावापाशी.

कोपऱ्यात ‘हेग’ असं पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असलं की तो हेगचा फोटो, असं मी धरून चालले होते. मग एकच दृश्य दोन नावांनी सापडायला लागलं. तीच गर्दी, तीच आगबोट, तोच पुढे बसलेला काळा कुत्रा, आणि नाव दुसरंच. पेर एडवर्ड लार्स हा हेगबरोबर काम करायचा. १८९९ मध्ये त्याने जोसेफ डुक्लोसबरोबर भागीदारी केली आणि डॉसनमध्ये ‘लार्स अँड डुक्लोस’ हा स्टुडिओ उभा राहिला. शिवाय तिथल्या फोटोवाल्यांत गोएट्झमन होता, किन्सी बंधू होते, अ‍ॅडम्स अँड लार्किन होते. हेग पुढे सगळ्यांबरोबर अलास्कातल्या नोमच्या सोन्यामागे गेला. काचा कुठे जातात अशा वेळी?

हे मी बाबांना विचारलं. त्यांचा तीस वर्षं स्टुडिओ होता, रिटचिंग ते स्वतः करायचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अगं, नाव फोटो काढणाऱ्याचं नसतं, दुकानाचं असतं. मी दुकान घेतलं तेव्हा आधीच्या मालकाच्या निगेटिव्हची दोन कपाटं मिळाली. पाच-सहा वर्षं लोक कॉप्या मागायला येत होते. शिक्का कुणाचा मारणार? माझाच.”

मग त्यांनीच शाईचं सुचवलं. फोटोतली पांढरी अक्षरं म्हणजे निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिलेली अक्षरं. शाईखाली ऊन पोहोचत नाही, कागद पांढरा राहतो. पण काचेवरचा मसाल्याचा थर प्रिंट काढताना कागदाला चिकटून असतो, म्हणून त्या बाजूने लिहायचं तर उलटं लिहावं लागतं, आरशात दिसतं तसं. काचेच्या कोऱ्या बाजूने सरळ लिहिता येतं, पण मध्ये काचेची जाडी राहते आणि अक्षरांच्या कडा विस्कटतात. दोन्ही करून पाहिलं. एका कोऱ्या काचेवर जिलेटिनचा थर दिला, सुकवला, बारीक टाक आणि ड्रॉइंगची काळी शाई घेतली. डावीकडून उजवीकडे जाणारा हात उलट वळवायला तासभर गेला. माझं नाव उलटं लिहिताना शिरोरेघ सोपी गेली, पण वेलांट्या फिरवताना हात दर वेळी सवयीने सरळ वळायचा. आणि मग हेगची अक्षरं पुन्हा पाहिली. काही फोटोंत ती जराशी मागे झुकतात, टाक अडखळल्यासारखा दिसतो. इतके दिवस मला ते घाईचं अक्षर वाटत होतं. ते उलटं लिहिणाऱ्या हाताचं अक्षर आहे.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा: ओल्या कापसाने शाई पुसून पाहिली. बरीचशी निघाली, पण टाकाच्या टोकाने जिलेटिनवर ओरखडा राहिला. प्रिंटमध्ये तो केसाएवढ्या काळ्या रेघेसारखा आला. म्हणजे एखाद्याने आधीचं नाव पुसून त्या जागी आपलं लिहिलं असेल, तर जुन्याची रेघ मागे राहू शकते. आता मी दोन नावांच्या जोड्या मोठ्या करून त्या रेघा शोधतेय. एका जोडीत नव्या नावाखाली पुसट तिरकी रेघ दिसते आहे. मूळ काच पाहिल्याशिवाय काही ठरवणार नाही.

हे प्रकरण डॉसनपुरतं नव्हतंच. सिअ‍ॅटलचा असाहेल कर्टिस तरुण वयात मोठ्या भावाच्या स्टुडिओतर्फे याच वाटेवर गेला, थंडीत राहिला, काचा भरून पाठवल्या. मार्च १८९८ च्या ‘सेंच्युरी’ मासिकात त्या वाटेवरचा लेख आणि फोटो आले, ते थोरला भाऊ एडवर्ड कर्टिस याच्या नावाने. एडवर्डचं म्हणणं, नोकरीत काढलेले फोटो स्टुडिओचे. दोघा भावांचं फाटलं ते कायमचं. बाबांना ही गोष्ट सांगितली तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नियमाने थोरल्याचं चूक नाही. पण धाकट्याच्या बोटांना बर्फ लागलं होतं ना.”

आणखी एक नोंद, नावांचा विषय निघालाच आहे म्हणून. क्लोंडाइक हा शब्दच त्रोंदेक या स्थानिक नावाचा बाहेरच्यांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. क्लोंडाइक नदीच्या तोंडाशी त्रोंदेक ह्वेचिन लोकांचं मासेमारीचं ठिकाण होतं. गर्दी आली तेव्हा त्यांचे प्रमुख आयझॅक लोकांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला गेले. माझ्या ४१ फोटोंत आगबोटींची नावं आहेत, दारूच्या गुत्त्यांची आहेत, दुकानांची आहेत. त्रोंदेक ह्वेचिन माणसं सहा फोटोंत दिसतात आणि एकाचंही नाव फोटोवरच्या ओळीत नाही. माझ्या वहीत मी त्या सहांना वेगळं पान केलं आहे. कुठे नाव मिळालं तर तिथे आधी भरायचं.

शेवटी टोनिंगबद्दल, कारण तिघांनी विचारलं होतं. त्या काळी उन्हावर छापलेले प्रिंट हायपोत (प्रिंट पक्का करणाऱ्या द्रावणात) घालण्याआधी गोल्ड क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. चांदीच्या कणांवर सोन्याचा थर बसतो, विटकरी रंग जांभळट तपकिरी होतो आणि प्रिंट जास्त टिकतो. सोन्यासाठी वसलेल्या गावाचे फोटोही सोन्याच्या पाण्यातून निघत होते, हे कळल्यापासून ही पायरी मी कधी वगळत नाही. माझं प्रमाण: ४०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, ३ ग्रॅम टाकणखार, एक टक्का गोल्ड क्लोराइडचं ६ मिलिलिटर द्रावण. पाणी थोडं कोमट असू द्या. तसराळं हलवत राहा आणि रंग सावल्यांच्या जागी नाही, मधल्या करड्या जागी बघा. मला फ्रंट स्ट्रीटच्या चिखलात तो सगळ्यात आधी बदललेला दिसतो. हायपोत प्रिंट फिका होतो, म्हणून उन्हातून काढताना हवा त्यापेक्षा गडदच काढा.

पुढच्या महिन्यात ‘लार्स अँड डुक्लोस’ नावाचे बारा फोटो घेतेय, सगळे आगीनंतरचे. ज्यांच्याकडे कोपरे न कापलेले मोठे स्कॅन असतील त्यांनी कळवा. मला फक्त खालची दोन बोटं रुंदीची पट्टी हवी आहे.