खुंटा

माझी चौदा टनी हायड्रा आहे, म्हणजे चाकांवरची क्रेन. ठाण्यात बाळकुमला उभी असते. घोडबंदर रोडला रोज काही ना काही उचलायचं निघतंच. जनरेटर उतरव, लिफ्टचं मशीन गच्चीवर चढव, नाल्यात गेलेला टेम्पो ओढून काढ. तोफ उचलायचं काम मात्र पंधरा वर्षांत एकदाच आलं.

फोनवर एक पोरगा होता. गडकिल्ल्यांवर साफसफाई करतात ना, त्यांच्यापैकी. कोलशेतच्या पुढच्या एका गावाच्या धक्क्यावर तोफ उभी गाडलेली आहे, ती काढून सरकारजमा करायची, परवानगीचे कागद हातात आहेत, म्हणाला. मी विचारलं, वजन?

"असेल दोन-तीन टन, दादा."

'असेल' ऐकलं की हायड्रावाल्याच्या पोटात गोळा येतो. चौदा टनी म्हणजे हुक गाडीच्या तोंडाशी असताना चौदा टन. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, बाहेर काढली की क्षमता भसाभस उतरते, आणि इथं तर धक्क्याच्या कडेवरून खाली चिखलात हात घालायचा होता. दोन टन आणि तीन टन यात माझी गाडी उभी राहते की खाडीत जाते एवढा फरक. म्हटलं, आधी जागा बघतो.

संध्याकाळी बाईक काढून गेलो. तिवरांतून वाट, पुढे जुना दगडी धक्का, समोर पलीकडे भिवंडीची बाजू. धक्क्याच्या पायथ्याशी चिखलात हातभर उंचीचा काळा खांब, टोकाला नारळाएवढा गोळा. त्याच्या मानेला दोर आणि दोराला होडी. खांबाभोवती कधीतरी कुणीतरी सिमेंटचा ओटा घातलेला. एक म्हातारे काका जाळं विणत बसले होते. विचारलं, तोफ हीच का?

"तोफ त्या पोरांची. आमचा खुंटा," म्हणाले.

वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला, त्याला हळदकुंकू लागतं. तोंड खाली, बूड वर अशी ती कुणी आणि कधी गाडली, हे त्यांच्या आजोबांच्याही आधीचं. पोरांनी रविवारी सकाळी दहाची वेळ ठरवलीय, असं मी सांगितलं तर काका हसायलाच लागले. रविवारी द्वितीया. तिथीची पाऊणपट करायची, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती पूर्ण. ओहोटीचा तळ त्याच्या सहा तास आधी, साडेसातला. दहाला पाणी तोफेला टेकलेलं असणार. मी आयुष्य खाडीकाठी काढलं, पण हा हिशेब मला तेव्हा कळला. पोरांना फोन करून सांगितलं, सहाला या, नाहीतर पोहायची तयारी ठेवा.

रविवारी अंधारातच गाडी लावली. चाकांखाली लोखंडी प्लेटा टाकल्या, कारण धक्क्याच्या दगडांवर माझा भरवसा नव्हता. पोरं वीसेक, सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे. त्यांच्यासोबत एक निवृत्त इतिहासाचे शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणत. दोन झाडांच्या मधे बॅनर: 'चिमाजी अप्पांच्या मोहिमेतील तोफ'. ढोलही आणला होता. तो मी गाडीच्या मागे ठेवायला लावला, कारण काम चालू असताना मला फक्त हेल्परचा आवाज ऐकू यायला हवा.

आधी ओटा फोडायचा होता. एकानं ब्रेकर आणला होता. सरांनी आडवा हात घातला. जुन्या तोफेत कधी कधी भरलेली दारू तशीच असते, ठिणगी नको, ग्राइंडर नको, छिन्नी-हातोड्यानं हळूहळू. तासभर त्यातच गेला. तेवढ्या वेळात सर पोरांना सांगत होते आणि मी डिझेलच्या कॅनवर बसून ऐकत होतो.

मला चिमाजी अप्पा म्हणजे वसई आणि वसईच्या घंटा एवढंच माहीत होतं. सर म्हणाले, वसई पडली १७३९ च्या मे महिन्यात, पण साष्टीची मोहीम सुरू झाली दोन वर्षं आधी, आणि पहिला मोठा घाव ठाण्यावर पडला. १७३७ मध्ये पोर्तुगीज ठाण्याला किल्ला बांधत होते, तो पुरा व्हायच्या आतच मराठ्यांनी घेतला. पलीकडच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी त्यासाठी केवढ्या खटपटी केल्या, तेही सांगितलं. अंजूरला मी कितीदा गोदामांचा माल उतरवलाय. तो किल्ला पुढे सदतीस वर्षं मराठ्यांकडे राहिला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला. २७ तारखेला खंदक ओलांडताना त्यांची बरीच माणसं पडली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी किल्ला घेतला आणि आदल्या दिवसाच्या रागात आतली बहुतेक शिबंदी कापून काढली.

"कुठाय तो किल्ला?" माझ्या हेल्परनं विचारलं.

"सेंट्रल जेल," सर म्हणाले.

हेल्पर माझ्याकडे बघायला लागला. जेलच्या भिंतीला लागून आम्ही आठवड्यातून दोनदा तरी जातो. ट्रॅफिकला शिव्या देत.

ओटा सुटला आणि आतून लोखंड निघालं, जवळजवळ गुळगुळीत. वरचा उघडा भाग कालवांनी आणि गंजानं फुगलेला, आणि सिमेंटखालचा मात्र असा. सर गुडघ्यावर बसले. सिमेंटमधल्या चुन्यानं लोखंड राखलं, म्हणाले. ओल्या गोणपाटानं पुसलं तर बुडाच्या कड्याजवळ कोरलेले आकडे दिसले: बावीस, दोन, सात. मधे छोट्या रेघा.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळले, "तुम्ही वजन विचारत होतात ना? हे घ्या." इंग्रज तोफेवर वजन कोरायचे, तीन आकड्यांत. पहिला हंड्रेडवेट, म्हणजे एकशे बारा पौंडांचा. दुसरा त्याचा पाव. तिसरा सुटे पौंड. मी मोबाईलवर हिशेब केला. २५२७ पौंड, म्हणजे ११४६ किलो. अडीचशे वर्षांपूर्वी कुणा कारागिरानं माझ्यासाठी लोड चार्ट लिहून ठेवला होता म्हणा ना! मला एवढा आनंद झाला की बॅनरकडे पोरांचं लक्ष गेलंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"म्हणजे इंग्रजांची?" फोन करणारा पोरगा म्हणाला. त्याचा चेहरा बघवेना.

"ओतलेली इंग्रजांकडे," सर म्हणाले. "तोफा विकल्या जायच्या, लुटल्या जायच्या, जहाजाबरोबर बुडायच्या. कुणी डागली ते तिच्यावर लिहिलेलं नाही. जे लिहिलंय तेवढंच आपण लिहायचं." कुणीतरी म्हणालं, सर, अप्पांच्या नावानं लोक तरी येतील. सर त्यावर काहीच बोलले नाहीत, नुसते चष्मा पुसत राहिले. थोड्या वेळानं बघितलं तर बॅनर उतरवून, घडी घालून, ढोलावर ठेवलेला.

सव्वासात झाले होते. गोळा आणि बूड यांच्या मधल्या मानेत बेल्ट अडकवला, डी-शॅकल लावला. साखळी मुद्दाम टाळली, साखळी लोखंडाला चावते. आणि इथं मी चूक केली. वजन कळलं होतं ना, त्या मस्तीत सरळ ओढ दिली. तोफ हलली नाही. गाडीची मागची चाकं मात्र वीतभर उचलली गेली. केबिनमधून खाली फक्त चिखल दिसला. कसाबसा लोड सोडला, चाकं प्लेटांवर आदळली, हेल्परच्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. अकराशे किलो तोफेचे. चिखल तळातून किती ओढून धरतो, ते कुठेच कोरलेलं नव्हतं.

काका तोवर नुसते बघत होते. आता उठून आले. "रुतलेली होरी काय अशी काढतात? बुडात पानी जाऊ दे आधी." त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा पाइप तोफेला लागून खाली घातला आणि खाडीचंच पाणी सोडलं. मी हुकाला नुसता ताण ठेवला, ओढ अजिबात नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोरं बांबूनं तिला या अंगावरून त्या अंगावर डोलवत होती. मग चिखलातून बूट निघताना होतो तसा आवाज आला, फक्त बैलाएवढा मोठा, आणि तोफ आपणहून वर यायला लागली.

सात फूट लांबी. मधे दोन बाजूंना दोन कान, गाड्यावर बसवायचे. तोंडातून काळा गाळ गळत होता. दुसरा बेल्ट कानांच्या पुढे घालून तिला आडवी केली आणि टेम्पोत गाद्यांवर ठेवली. सरांनी तोंडाचं भोक मोजलं, जेमतेम मूठ जाईल एवढं, आणि म्हणाले नऊ पौंडी, म्हणजे चार किलोचा गोळा. मी पुसायला फडकं घेतलं तर ओरडले. वाळू द्यायची नाही! ओली गोणपाटं गुंडाळून तशीच टाकीत जायची. लोखंडात मुरलेलं मीठ कॉस्टिक सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यात ठेवून महिनोन्महिने काढावं लागतं. एकदा उन्हात सुकली की पापुद्रे सुटून कोरलेलं सगळं गळून पडतं. हे मला लगेच पटलं, माझ्या गाडीचा पत्रा खाडीच्या हवेनं कसा खाल्लाय ते मी रोज बघतो.

टेम्पो गेला, पोरं गेली, सर जाताना मला नमस्कार करून गेले. पूर्ण शिफ्टचे पैसे ठरले होते, मी डिझेलपुरते घेतले. चाकं उचलल्याचं मालक म्हणून मलाच लागलं होतं.

प्लेटा काढायला वाकलो तर काका मागे उभे. हातात होडीचा दोर. भरती चढायला लागली होती आणि खुंट्याच्या जागी गढूळ पाण्याचा खड्डा होता.

"आन् मंग आता मी होरी कुठं बांधू?"

पोरांच्या कागदांत, परवानग्यांत याचा कुणी विचारच केला नव्हता. मीही नाही. मी दुपारच्या साईटला फोन केला, उशीर होईल म्हटलं, आणि दोर घेऊन हायड्राच्या मागच्या हुकाला बांधला. मग हेल्परला बाळकुमला पिटाळलं, आपल्या यार्डात जुन्या लोखंडी चॅनलचा एक तुकडा पडलाय, तो आण म्हणून. तो यायला दोन तास लागले. तोवर काका आणि मी प्लेटांवर बसून सुका जवळा आणि भाकरी खाल्ली, आणि होडी माझ्या गाडीला बांधलेली.