दगडी हत्ती, काळा घोडा आणि झोपलेला वाघ

नाशिकहून मुंबईला निघताना माझ्या डोक्यात बेत पक्का होता. पहिल्या दिवशी घारापुरी, दुसऱ्या दिवशी राणीची बाग, वेळ उरलाच तर म्युझियम. दिवस सोमवार आणि बुधवार, मधला मंगळवार मावशीकडे गप्पांना. तिकिटं काढायला बसले आणि वहिनीनं शांतपणे विचारलं, "ताई, घारापुरी सोमवारी बंद असते ना? आणि राणीची बाग बुधवारी?" दोन्ही दिवस चुकवायला एक वेगळंच कौशल्य लागतं, ते माझ्याकडे आहे. मग गुरुवार-शुक्रवार ठरवलं आणि क्रमही उलटा केला, आधी बाग आणि मग बेट. हा उलटा क्रमच आमच्या पथ्यावर पडणार होता, पण ते नंतर कळलं.

पंचवटीनं दादर, तिथून टॅक्सीनं लालबागला मावशीच्या खोलीवर. दिवाळीची सुट्टी असल्यानं दादा, वहिनी आणि दोन्ही पोरं बरोबर होती. थोरला सातवीत, त्याला सगळं माहीत असतं. धाकटी दुसरीत, तिला सगळं विचारायचं असतं. मावशीनं रात्री जेवताना तिला सांगून ठेवलं, "आमच्या लहानपणी राणीच्या बागेत हत्तीवर बसवायचे गं." झालं! सकाळी उठल्यापासून धाकटीचं एकच चालू: हत्तीवर बसायचं.

बागेचं दार साडेनऊला उघडतं. सव्वानऊलाच आम्ही रांगेत होतो आणि आमच्यापुढे निदान पन्नास माणसं. आम्ही गेलो तेव्हा आईवडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये तिकीट होतं, माझं वेगळं पन्नास. मुंबईत शंभर रुपयांत चौघांचा अर्धा दिवस जातो अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आधीची राणी म्हणजे व्हिक्टोरिया. राणी बदलली तरी टॅक्सीवाल्याच्या तोंडी 'राणी बाग'च आहे, त्यामुळे कुणाचंच काही अडलेलं नाही.

आत शिरताच बहुतेक सगळे पेंग्विनकडे धावतात. आम्हीही धावलो. हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन. पहिले आठ 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आले. धाकटी काचेला नाक लावून उभी राहिली आणि जरा वेळानं नाराज झाली. "बर्फ कुठंय?" थोरल्यानं लगेच ज्ञान पाजळलं, की हे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, यांना बर्फ लागत नाही, थंड पाणी लागतं. माहिती बरोबर होती, म्हणून मी गप्प बसले. खरं सांगायचं तर त्या गर्दीत पेंग्विनपेक्षा समोरच्यांचे वर धरलेले मोबाइलच जास्त दिसले. एक पेंग्विन मात्र पाण्याखालून सरळ काचेपाशी आला, धाकटीच्या बोटाबरोबर डावीकडे गेला, उजवीकडे गेला आणि मग कंटाळून निघून गेला. तिच्या दृष्टीनं तेवढ्यात तिकीट वसूल.

वाघ झोपला होता. पाठ आमच्याकडे. काचेपलीकडे नुसती पट्ट्यापट्ट्यांची गादी टाकल्यासारखा. वीस मिनिटं थांबलो, शेपटी दोनदा हलली. पाणघोडा पाण्यात, वर फक्त नाकपुड्या. अस्वल गुहेत. अकराच्या उन्हात प्राण्यांनी आपल्यासाठी बाहेर येऊन उभं राहावं ही अपेक्षाच चुकीची, पण सात वर्षांच्या मुलीला हे पटवायचं कसं?

आणि हत्तीवर बसणं तर कधीच बंद झालंय.

तेव्हा वहिनीनं नामी युक्ती काढली. धाकटीकडे एक छोटी वही होती, तीत ती पाहिलेल्या प्राण्यांची नावं लिहीत होती. वहिनीनं पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'खरे', दुसऱ्या बाजूला 'दगडाचे'. म्हणाली, "आज मुंबईत दगडाचे किती सापडतात बघू." मला वाटलं फार तर दोन सापडतील.

पहिला तिथंच भेटला. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बागेला लागूनच आहे आणि त्याच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. नीट बघितलं तर अंगभर सांधे दिसतात, फुटलेलं मडकं जोडावं तसे. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी बेटावर हा बघितला आणि बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. 1864 मध्ये इंग्रज तो उचलून विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे इथं आणून टाकले आणि पुढं 1914 मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. धाकटीनं त्याच्या पायाच्या सांध्याकडे बघत विचारलं, "दुखलं असेल का त्याला?" थोरल्याकडे याचं उत्तर नव्हतं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

संग्रहालयात शिरलो ते उन्हापासून सुटका म्हणून, आणि बाहेर पडलो दीड तासानं. 1872 साली उघडलेलं हे मुंबईचं सगळ्यात जुनं संग्रहालय. मूळ नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट, 1975 मध्ये ते उभं करायला झटलेल्या भाऊ दाजींचं नाव दिलं. आतले हिरवे खांब, सोनेरी नक्षी, वरचे झरोके बघून दादा म्हणाला, "लग्नाचा हॉल वाटतोय." त्याच्या बोलण्याकडे मी फार लक्ष देत नाही. मला सगळ्यात आवडल्या त्या मातीच्या छोट्या मूर्ती. जुन्या मुंबईतली निरनिराळ्या जातीजमातींची, धंद्यांची माणसं, पागोट्यांचे वेगवेगळे बांधे. एकेक पागोटं बोटाच्या पेरापेक्षा लहान, तरी त्याचे पीळ मोजता येतात. ज्याला म्युझियम म्हटलं की जांभई येते, त्यानं फक्त ही कपाटं बघावीत आणि परत फिरावं.

दुसरा प्राणी बागेतच होता, आणि तो खरं तर दगडाचा नव्हताच. काळा घोडा! सातव्या एडवर्डचा, तो युवराज असताना मुंबईला आला होता त्या भेटीची आठवण म्हणून उभारलेला घोड्यावरचा पुतळा. पैसे दिले अल्बर्ट ससूननं. 1879 मध्ये तो फोर्टात उभा राहिला आणि घोड्याच्या रंगावरून अख्ख्या भागाला नाव पडलं. 1965 मध्ये पुतळा उचलून राणीच्या बागेत आणला. नाव मात्र तिथंच राहिलं. ब्राँझचा घोडा 'दगडाचे' या रकान्यात घालावा का यावर भावाबहिणीचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी रकान्याचं नाव खोडून 'न हलणारे' केलं. मग धाकटीनं वाघही त्यातच घातला.

दुपारी भायखळा स्टेशनाबाहेर वडापाव खाल्ले आणि लोकलनं सीएसएमटी गाठलं. स्टेशनात रोज लाखो माणसं शिरतात-निघतात, पण दर्शनी फाटकाच्या खांबांवर कोण बसलंय हे बघायला थांबतो कोण? एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह विलायतेचा, वाघ हिंदुस्थानचा. थोरला म्हणाला, "हा वाघ तरी जागा आहे." मी वीस वर्षं मुंबईला येतेय आणि तो वाघ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. भिंतींवर मोरही सापडले. माना मोडेस्तोवर वर बघत आम्ही पदपथ अडवून उभे, आणि मागून येणाऱ्या माणसानं "ओ काका, साइड द्या" म्हणून दादाला हलवलं. दादाला काका म्हटल्याचं त्याला अजून वाईट वाटतंय.

तिथून रमतगमत काळा घोडा. आणि तिथं खरंच एक घोडा! 2017 मध्ये बसवलेला, पण पाठीवर कुणीच नाही. धाकटी त्याच्याभोवती दोनदा फिरली.

"आत्या, राजा कुठं गेला?"

"राणीच्या बागेत. सकाळी बघितला ना."

"मग यातला खरा काळा घोडा कुठला?"

मी म्हटलं, वहीत दोन्ही लिही. शेजारच्या डेव्हिड ससून लायब्ररीच्या पायरीवर बसून तिनं लिहिलं, आणि मी मनात जुळवत बसले, की इथला मूळ घोडा देणारा अल्बर्ट हा या डेव्हिडचा मुलगा, आणि सकाळी भायखळ्याला ज्या घड्याळाच्या मनोऱ्याखालून गेलो तोही डेव्हिडच्याच नावाचा.

दुसऱ्या दिवशी गेटवेवरून लाँच. तासाभराचा प्रवास, वरच्या मजल्यावर बसायचे थोडे पैसे जास्त, ते द्यावेत. लेण्यांबद्दल मी इथं लिहीत नाही. त्या तीन मुखांच्या शिवासमोर उभं राहून जे होतं ते मला चार ओळींत मांडता येणार नाही आणि घाईत मांडायचंही नाही. पण उलट्या क्रमाचा फायदा इथं झाला. आधी बेटावर आलो असतो तर पोरांना ते नुसतं बेट असतं. आता त्यांना इथून काय गेलंय ते माहीत होतं. लाँचमधून उतरल्या उतरल्या धाकटीनं धक्क्यावर काकड्या विकणाऱ्या आजींना विचारलं, "आजी, हत्ती कुठं उभा होता?"

आजींनी काकडीला तिखटमीठ लावता लावता हातातल्या सुरीनंच बेटाच्या दुसऱ्या अंगाला दाखवलं. "त्या बाजूला. लई वर्सं झाली. आता मुंबईला असतो." घरातला कुणी नोकरीला गेल्यासारखं.

पायऱ्या चढताना माकडानं थोरल्याच्या हातचं कणीस पळवलं, त्याची नोंद 'खरे' रकान्यात झाली. परतीच्या लाँचमध्ये मी वही उघडून बघितली. 'न हलणारे' खाली शेवटची ओळ होती: घारापुरी, हत्ती, घरी नाही.