रंकाळा ते शिरोळ : एकाच दगडाची दोन टोके

कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग एकाच दगडावर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेल्या लाव्ह्याचा तो काळा बेसाल्ट आहे. तरीही पश्चिमेला लालसर, उघडी पठारे दिसतात आणि पूर्वेला उसाने झाकलेली काळी सपाटी लागते. हा फरक कशाने पडला, ते डोळ्यांनी पाहावे म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे भाऊ दोन दिवस दुचाकीवरून फिरलो.

सुरुवात कोल्हापूर शहरातल्या रंकाळा तलावावरून केली. रंकाळा ही मुळात दगडाची खाण होती आणि भूकंपानंतर तिच्यात पाणी भरले, असे परंपरेने सांगितले जाते. भूकंपाची कथा बाजूला ठेवली, तरी शहर ज्या दगडाने बांधले तो जवळूनच काढला जात होता, हे समजून घ्यायला ही जागा चांगली आहे. सकाळी आठच्या आत पोहोचावे, म्हणजे गर्दी लागत नाही. इथे अर्धा तास पुरे.

खरा वेळ पन्हाळ्यासाठी राखावा. शहरापासून अंतर वीसेक किलोमीटर आहे आणि मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. घाट चढताना कापलेल्या डोंगराकडे लक्ष ठेवले, तर खाली काळा दगड आणि माथ्याकडे तांबडा, भोकाभोकांचा जांभा स्पष्ट दिसतो. जांभा हा कोणी वेगळा पाहुणा नव्हे. उष्ण हवामानात मुबलक पावसाने बेसाल्टमधील सिलिका आणि विरघळणारी इतर द्रव्ये धुऊन नेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियम राहिले, तोच हा जांभा. त्यातील ॲल्युमिनियम पुरेसे वाढले की त्याला बॉक्साइट म्हणतात आणि मग शाहूवाडी, राधानगरीकडे झाले तसे पठाराचे माथेच खणले जातात.

पन्हाळगडाच्या ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वारातून बाहेर उतरून मागे वळून पाहावे. गडाचा घेर सुमारे सात किलोमीटर असला, तरी त्यातील बराच भाग नैसर्गिक कड्यानेच राखलेला आहे. बांधणाऱ्यांनी कड्यावर भिंत चढवून निसर्गाचे काम फक्त पुरे केले. जांभ्यातून पाणी झिरपते आणि खालच्या चिकण थरावर अडते, त्यामुळे अशा डोंगरांच्या अंगाला झरे फुटतात. हेच पाणी डोंगर निसरडाही करते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला होता. उतार तासून रस्ता काढला की पाण्याच्या निचऱ्याचा विचार रुंदीकरणाआधी व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. भर पावसाळ्यात निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

दुपारनंतर पन्हाळ्याजवळचे मसाई पठार गाठले. इथे माती जेमतेम बोटभर असते, म्हणून झाड रुजत नाही, पण गवत आणि रानफुले भरपूर फुलतात. पठारावर सावली नाही आणि प्यायचे पाणीही नाही. माणशी दोन लिटर पाणी बरोबर घ्यावे. जाड तळव्याचे बूट घालावेत, कारण माझ्या साध्या चपलेचा अंगठा जांभ्याच्या धारेवर तासाभरात तुटला. ढग गडगडू लागले की लगेच खाली उतरावे. वाहन पठारावर नेऊ नये, कारण चाकाखाली गेलेली बोटभर माती पुन्हा साठायला फार काळ लागतो.

दुसऱ्या दिवशी पूर्वेचा शिरोळ तालुका, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर इथे सहाशेच्या आसपास. त्यामुळे बेसाल्टची झीज होऊन झालेल्या काळ्या मातीतील क्षार पावसाने पुरेसे धुतले जात नाहीत. त्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी उसाला वर्षानुवर्षे पाटाने सोडले गेले, भूजल वर आले आणि वाफ होताना क्षार पृष्ठभागावर ठेवून गेले. पश्चिमेला पाण्याने दगडातले सारे नेले, इथे माणसाने आणलेल्या पाण्याने ते वर काढून ठेवले. काही गावांतील शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाण्याचा निचरा सुरू केला आहे, आणि अशा शेतांत पुन्हा ऊस उभा दिसतो.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली. क्षारपड जमिनीवरचा पांढरा थर पाहायचा होता, पण पाऊस नुकताच संपलेला असल्याने नुसते तण आणि डबकी दिसली. ‘तुम्ही शिमग्यानंतर यायला पाहिजे होतं,’ असे बांधावरचे एक काका हसत म्हणाले. मसाईची फुले आणि शिरोळचे मीठ एका फेरीत भेटत नाहीत. फुलांसाठी ऑक्टोबरपर्यंत जावे, शिरोळसाठी मार्च-एप्रिल राखून ठेवावा आणि शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी.