छाटणीच्या दिवसांतली बर्गंडी

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात दिजाँ ते बोन हे अंतर रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत कापता येते. मला ते सायकलने कापायचे होते, कारण या दोन शहरांच्या मध्ये द्राक्षमळ्यांचा जो चिंचोळा उतार पसरला आहे, त्यातल्या काही तुकड्यांची गणना जगातल्या सर्वांत महागड्या शेतजमिनींत होते आणि माझे आजोळ नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांचे आहे. आमचे स्वतःचे घर मात्र वडोदऱ्याला, दांडिया बाजारात. गुजरातमध्ये १९६० पासून दारूबंदी असल्याने आमच्या घरी वाइनचा विषय शेतीच्या अंगाने कधी निघालाच नाही. निघाला तर तो वर्तमानपत्रातल्या छाप्याच्या बातमीपुरता. दिजाँला अन्नविज्ञान शिकत असतानाही मी वाइन प्यायले नाही आणि तशी इच्छाही झाली नाही, पण खिडकीतून दिसणाऱ्या त्या उतारावर शेती नेमकी कशी करतात, हे पाहिल्याशिवाय परतायचे नाही, असे मनाशी ठरवले होते.

मार्चमधल्या एका थंड शनिवारी निघाले. दिजाँचे उपनगर संपले की शेनोव, मार्साने, फिसँ अशी गावे लागतात आणि उजव्या हाताला टेकडी, डाव्या हाताला सपाटी, अशी या प्रदेशाची मांडणी हळूहळू ध्यानात येऊ लागते. टेकडीचा माथा जंगलाचा आहे. खालची सपाट, ओल धरणारी जमीन साध्या वाइनच्या द्राक्षांची आहे. आणि या दोहोंच्या मधला, पूर्वेकडे तोंड करून सकाळचे ऊन घेणारा चुनखडीचा पट्टा हा खरा मानाचा. रस्ता ओलांडला की वाइनचा दर्जा बदलतो, असे पुस्तकात वाचले होते. सायकलवर ते पायांना कळते, कारण चढ जिथे जाणवू लागतो तिथेच नामांकित तुकडे सुरू होतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव आहे. अशा १,२४७ तुकड्यांची मिळून युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारसा म्हणून नोंद केली. जेव्रे गावाने तर १८४७ साली आपल्या सर्वांत प्रसिद्ध मळ्याचे नाव स्वतःला जोडून घेतले आणि ते जेव्रे-शांबेर्तां झाले. गावाने शेताचे नाव लावावे, हे मला फार आवडले.

मोरे आणि शांबोल ही गावे सुरेख आहेत, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही; दुपारी बारानंतर तिथे एक दुकान उघडे नव्हते. वूझोच्या मळ्याची दगडी भिंत मात्र दुरूनच दिसते. सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या भिक्षूंनी मध्ययुगात बांधून काढलेला हा सुमारे ५० हेक्टरांचा मळा फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त झाला, पुढे विकला गेला आणि आज त्याचे जवळजवळ ८० मालक आहेत. भिंत एक, आत मात्र कोणाच्या चार ओळी, कोणाच्या दहा.

त्या भिंतीच्या पुढे, रस्त्याला लागून असलेल्या एका वाफ्यातून धूर येत होता. साठीच्या आसपासची एक बाई छाटणी करत होती. पाठीवर बॅटरी, तिला वायरने जोडलेली कात्री, आणि मागे एका चाकाची लोखंडी गाडी. उभे चिरलेले पिंप त्या गाडीवर बसवलेले होते आणि त्यात कापलेल्या काड्या जळत होत्या. पिंपाच्या बुडाला भोके पाडली होती. गाडी पुढे ढकलली की राख ओळीतल्या मातीवर पडत जाई. माझे लाल झालेले हात पाहून बाईंनी खुणेनेच गाडीजवळ यायला सांगितले.

मी त्यांना फोनवर मामाच्या बागेचे फोटो दाखवले. माणूस उभा राहील इतक्या उंचीवरचा मांडव पाहून त्या थक्क झाल्या, कारण त्यांच्या वेली जेमतेम कमरेपर्यंतच्या आणि दोन ओळींत मीटरभराचेच अंतर. हेक्टरी सुमारे १०,००० वेली. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, हे सांगितल्यावर त्यांनी कात्री खाली ठेवली आणि वेल मग झोपते कधी, असे विचारले. आमच्या उष्ण हवेत ती इथल्यासारखी हिवाळाभर झोपत नाही, एका छाटणीने काडी तयार करून घ्यायची आणि दुसरीने फळ घ्यायचे, हे मी समजावून सांगितले. त्या बराच वेळ फोटोकडे पाहत राहिल्या.

मग त्यांनी मला आपली पद्धत दाखवली. प्रत्येक वेलीपाशी त्या थांबत, दोन्ही बाजूंनी पाहत आणि मगच कात्री लावत. शेवटी वेलीवर दोनच गोष्टी उरत: यंदाच्या फळासाठी एक लांब काडी, आणि पुढच्या वर्षी काडी कुठून घ्यायची त्याची सोय म्हणून दोन डोळ्यांची, म्हणजे दोन कोंबांची, एक आखूड काडी. बाकी सगळे गाडीत. बुटाने माती बाजूला सारून त्यांनी खोडावरचा कलमाचा फुगवटाही दाखवला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हापासून इथली पिनो न्वार ही लाल वाइनची द्राक्षे कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर कलम करूनच वाढवतात. मामाची बागही डॉगरिजच्या खुंटावर आहे आणि तो खुंटही अमेरिकेचाच, हे ऐकून त्यांनी हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. थर्मासमधली कॉफी आणि मधाच्या मसालेदार केकचा जाड तुकडा त्यांनी दिला. मी वाइन पीत नाही म्हटल्यावर कारण विचारले नाही; सप्टेंबरात तोडणीला या, द्राक्षे खायला मिळतील, एवढेच म्हणाल्या. वर्षभर परदेशात राहून इतके नेमके आतिथ्य मला दुसरीकडे मिळाले नाही.

म्हणूनच पुढे वोन-रोमाने गावावरच्या उतारावर जे पाहिले त्याचा संताप आला. जगातल्या सर्वांत महागड्या वाइनपैकी एक जिथून निघते तो रोमाने-काँतीचा मळा १.८ हेक्टरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचार एकर. बुटकी भिंत, कोपऱ्यावर दगडी क्रूस, आणि कृपया रस्त्यावरच थांबा, मळ्यात शिरू नका, अशी सभ्य शब्दांतली पाटी. त्या पाटीशेजारून चौघे-पाचजण भिंत ओलांडून आत गेले होते आणि एकाने फोटोसाठी वेलीची तार हाताने वाकवून धरली होती. या मळ्यात कलम न केलेल्या जुन्या वेली १९४५ पर्यंत जिवापाड जपल्या होत्या. त्या उपटून नव्या लावल्यावर १९५२ पर्यंत इथून वाइनची एकही बाटली निघाली नाही. सहा हंगाम उत्पन्नावाचून काढलेल्या शेतात बूट घालून शिरणाऱ्याला त्या बाटलीची किंमत तेवढी ठाऊक असते. मी त्यांना बाहेर यायला सांगितले. ते आले, पण नाराजीने.

न्यूई-सँ-जॉर्जनंतर समोरचा वारा होता आणि बोन गाठेपर्यंत दुसरे काही सुचले नाही. तिथल्या एका वाइनच्या तळघरात, चव घ्यायची नसली तरी चव घेण्याचेच पूर्ण तिकीट काढावे लागेल, असे सांगण्यात आले, तेव्हा मी सरळ स्टेशन गाठले. न पिणाऱ्यालाही पिंपे, तापमान आणि मुरण्याची प्रक्रिया पाहावीशी वाटू शकते, हे त्या धंद्यातल्या लोकांनी मनावर घ्यायला हवे.

रात्री मामाला छाटलेल्या वेलींचे फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "अगं, एवढ्या कमी डोळ्यांवर एकरी माल किती निघतो?" मी हिशेब करून सांगितला: वरच्या दर्जाच्या लाल वाइनला हेक्टरी साधारण ३,५०० लिटरची मर्यादा असते, म्हणजे एकरी दोन टनांच्या आतबाहेर द्राक्षे. मामा एकरी दहा टनांचा विचार करणारा माणूस. त्याने भाव विचारला नाही. त्या बाई दिवसाला किती वेली छाटतात आणि मजुरी दिवसावर असते की वेलीवर, हे मात्र त्याने विचारून घ्यायला सांगितले, आणि सप्टेंबरात तोडणीला गेल्यावर ते पहिल्यांदा विचारायचे, असे आमचे ठरले.